जालिंदररावांनी पाठवलंय

हिंगणवाडी, छावणीवरून
५ मार्च २०१९

जालिंदर,

नावामागं 'चिरंजीव' लिवलेलं न्हाई. घाईत राहून गेलं असं समजू नको, ठरवून गाळलंय. काम पडलंय म्हणून लिवायले, न्हाईतर तुझ्यावर शाई बी खर्चिली नसती.

तुझ्या माणसानं आमच्या संस्थेच्या कम्प्युटरचं वाटोळं केलं. आता तूच ते निस्तर.

फोन करणार न्हाई. दसऱ्याला तुझा नंबर मोबाईलात बंद करून टाकला, तो तसाच राहणार. हे पत्र सिरसाळ्याहून पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ दिलंय. तुझ्या कंपनीच्या गेटावर देतो म्हणलाय. जवाब त्याच्याच हाती धाड.

इकडं काय चाललंय ते तुला कुठून ठावं असणार! पाऊस झाला न्हाई, एवढं पेपरात वाचलं असशील. आपल्या बायांच्या दूध संस्थेनं संक्रांतीनंतर जनावरांची छावणी उघडली. चेअरमन मीच. गावातली कर्ती माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेलीत, मागं म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आन दावणीची जनावरं. ती समदी जनावरं आता छावणीत हायेत. प्रत्येकाच्या कानात बिल्ला. बिल्ल्याचा नंबर, मालकाचं नाव आन घरच्या कुणीतरी त्याच नावाची पाटी धरून जनावराजवळ उभं राहून काढलेला फोटो, हे समदं कम्प्युटरात. मुक्ता, आपली ऑपरेटर पोरगी, रोज सांजच्याला त्याचा हिशेब तहसीलला धाडती, तवा कुठं दुसऱ्या दिवशीचा चारा आन टँकर मिळतो.

शनिवारी दुपारी एकजण मोटरसायकलवर आला. पांढरा शर्ट, गळ्यात फीत, फितीला कार्ड. दारातच म्हणला, "जालिंदररावांनी पाठवलंय. कम्प्युटर साफ करायचंय." तुझं नाव ऐकून माझं तोंड कडू झालं, पण दारात आलेल्या माणसाला काय बोलणार? पाणी दिलं. त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला, मशीनला खोचला, जरा टकटक केलं, "आता बगा कसं पळतंय" म्हणला आन गेला.

लई पळालं! रविवारी सकाळी मुक्तानं बटण दाबलं तर समदा पडदा लालभडक, मधी कुलपाचं चित्र, खाली इंग्रजी. पोरीनं वाचून दाखवलं. तुमच्या समद्या फायलींना कुलूप घातलंय, पैसे टाका मग किल्ली देऊ. कुठं टाकायचे, कुणाला, काय कळंना.

तहसीलचे साहेब भला माणूस. म्हणले, "वत्सलाबाई, माझा नाइलाज हाय. कुठलं जनावर कुणाचं, त्याचा छावणीत आल्या दिवशीचा पुरावा अठरा तारखेपातुर द्या, आता काढलेले नवे फोटो चालणार न्हाईत. न्हाईतर छावणी बंद करावी लागंल."

बंद म्हणजे काय, ते तुला एसीत बसून समजायचं न्हाई म्हणून सांगते. बंद म्हणजे ज्यानं त्यानं आपलं जनावर घरी न्यायचं. घरी कडब्याची काडी न्हाई, हौदाला तळ दिसायलाय. बाजारात गाईला गिऱ्हाईक न्हाई. मग खुंट्याला बांधून तिचे डोळे बगत बसायचं. आपल्या आईच्या हाताखालच्या गाईची नात, चंद्री, ती बी ह्यातच हाय. आठवती का, का तीबी विसरलास?

दसऱ्याचा राग मुक्या जनावरावर काढायलास व्हय रे? थोडी तरी लाज असंल तर त्या माणसाकडून किल्ली घे आन धाडून दे.

वत्सला

---

९ मार्च २०१९

जालिंदर,

जवाब मिळाला. चार पानं. त्यात "मी कुणालाच पाठवलं नाही" ही एक ओळ, बाकी समदी शाळा. ह्याच्यासाठीच शिकवला व्हता तुला, बहिणीला चार पानांत येडी ठरवायला!

बरं, एक ओळ मानली. तू न्हाई पाठवला. मग कुणी पाठवला, ते आमी बगू.

तू सांगितलं तसं केलंय. नेटची वायर काढली. मशीन बंद करून त्यावर पोतं टाकलं. त्याला दुसरा कुठलाच पेनड्राइव्ह लावू दिला न्हाई, ज्याला लावू त्यालाबी बिमारी व्हती म्हणतोस म्हणून. पैसे देऊ नका म्हणलास, त्याची फिकीर नको, द्यायला हायेतच कुठं.

आता तुझ्या बाकीच्या शहाणपणाचं.

तू इचारतोस, त्याचं नावगाव कावून इचारलं न्हाई, कार्ड हातात घेऊन कावून बगितलं न्हाई. अरे, तू ह्याच मातीतला का आभाळातून पडलास? आपल्याकडं माणूस उन्हातून आला की आधी तांब्या. टँकर दोन दिसाआड येतो, तरी आधी तांब्या. आन आपलं पाणी पिलेल्या माणसाला "तू कोण रे, कुणाचा" असं तोंडावर इचारायचं? आईनं जन्मात कधी कुणाला इचारलं व्हतं? मला न्हाई जमत. तुमच्या पुण्यात जमत असंल.

तू लिवलंस की कम्प्युटरवर रोज "अपडेट करू का" म्हणून पाटी यायची आन मुक्ता "नंतर" दाबून ती सारायची, म्हणून मशीन कमजोर झालं. पोरीला बोल लावू नको. मीच सांगितलं व्हतं सारायला. नेटचा पॅक तहसीलला रोजचा हिशेब धाडण्यातच संपतो, तुझ्या अपडेटला कुठून आणू? आता म्हणतोस, ते अपडेट म्हणजे लाळ्या-खुरकुताच्या लशीवानी असतंय, बाहेर नवी बिमारी आली की मशीनला टोचायची. मग मुडद्या, हे तवाच असं बोलायचं की! लशीला मी कधी न्हाई म्हणले का? तालुक्यात लस आली की पहिली गाडी आपल्या दारात उभी असती. तू तवा इंग्रजी फाडत बसलास.

आन ती डबी. नक्कल ठेवायची काळी डबी दिली व्हतीस, ती कुठं हाय म्हणून दोनदा इचारलंस. कम्प्युटरलाच हाय. तिच्यातबी कुलूप. मुक्ता दर शनवारी नक्कल करून डबी घरी न्यायची म्हणत व्हती. मी नेऊ दिली न्हाई. एवढुशी वस्तू, पडली-हरवली तर? म्हणून खंडेनवमीला हळद-कुंकू लावून लाल नाड्यानं कम्प्युटरला पक्की बांधून टाकली. तुझ्या पत्रातली ती ओळ मला लई झोंबली, "अक्का, तू बियाणं खायच्या ज्वारीच्या कणगीत ठेवतीस का?" न्हाई ठेवत. माडीवर येगळ्या गाडग्यात ठेवते, राख घालून. पण ते मला डबीचं कुणी तसं सांगितलं न्हाई.

आन खंडेनवमीचा विषय निघालाच हाय, तर ऐक. तुझ्या चार पानांत त्या दिवसाबद्दल एक अक्षर न्हाई.

वरसभर ज्यावर पोट चालतंय ते त्या दिवशी पुजायचं. नांगर, कोयते, दुधाच्या चरव्या, तसा संस्थेत कम्प्युटर. समद्या सभासद बाया नटूनथटून आलत्या. पहिलं बटण तुझ्या दाजींनी दाबायचं, हा आमचा रिवाज. संस्था बायांची, पण गावोगाव पायी फिरून एकेक सभासद त्यायनी गोळा केला. पासवर्ड भिंतीवर खडूनं लिवलेला, समद्यांना पाठ. दाजींनी चष्मा लावून एकेक अक्षर दाबलं. मशीन म्हणलं चूक. पुन्हा दाबलं, पुन्हा चूक. बाया तोंडाला पदर लावून हसाय लागल्या. तवा तू मागून आलास, "बदललाय मी. भिंतीवर लिहिलेल्या किल्लीला किल्ली म्हणत नाहीत, दाजी. आता फक्त मुक्ताला माहीत." मी म्हणलं, घरच्या माणसाला कुलूप? तर म्हणतोस, "मशीनला घरचा आन चोर सारखाच, अक्का."

सत्तर वरसाच्या माणसाला चोराच्या ओळीत बसवलास, चारचौघींपुढं! दाजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यायचा तो स्वभाव. माझा तो न्हाई. म्हणून तुझ्यापुढचं ताट उचललं. तू बॅग घेतलीस आन गेलास. दुसऱ्या दिवशी दसरा, आपट्याची पानं तशीच पिशवीत वाळली. धाकटा भाऊ सोनं न देता जातो व्हय रे?

तू गेल्यावर मी मुक्ताकडून जुनाच पासवर्ड परत लावून घेतला आन भिंतीवर पहिल्यापेक्षा ठळक लिवला. हो, लिवला.

पत्राच्या शेवटी इचारलंस, "एवढा माणूस माझं नाव सांगून आला, तर मला एक फोन का केला नाही?" त्याचा जवाब देत न्हाई. नंबर बंद हाय, सांगितलं ना.

रस्त्यापलीकडं गहिनीनाथची छावणी हाय. त्याचे लोक आपल्या बायांना सांगत फिरायलेत, "बाईच्या हातात कम्प्युटर दिल्यावर आणखी काय व्हनार, आणा जनावरं आमच्याकडं." त्याच्या दावणीला गेलेल्या जनावराला निम्मा चारा आन मालकाला मतं मागायची चिठ्ठी. दोघीतिघी माझ्यापुढून मान खाली घालून गेल्या. मी कुणाला अडवायचं कोणत्या तोंडानं?

तू इचारलंस, ह्या माहितीची आणखी कुठं नक्कल हाय का. न्हाई. कुठंच न्हाई. संस्थेचा मोबाईल जुना, भरला की मुक्ता पुसून टाकती. कागद एक बी न्हाई, कागद बंद करा म्हणून तूच सांगितलं व्हतं.

वत्सला

---

१३ मार्च २०१९

जालिंदर,

नक्कल हाय. तुला सुचली न्हाई, मला सुचली न्हाई. साखराबाईला सुचली, आन तिलाबी सुचली असं म्हणता येत न्हाई.

तुला साखराबाई आठवत असंल, कडुलिंबाखालची. लेक सुग्रीव ऊसतोडीला, पार कर्नाटकात. सोमवारी ही बाई हौदापाशी माझ्या अंगावर आली, "चेअरमनबाई, तुमची मशीन बिघडली त्यात माझ्या लेकाचा काय गुन्हा? तो तिकडून इचारायलाय, सर्जाचा फोटो कावून येईना. बैल जिता हाय का न्हाई म्हणून त्याला कोयता धरवंना."

मी म्हणलं, कसला फोटो?

तवा मुक्ता पुढं झाली. माणसं फडावर गेलीत, जीव दावणीत अडकलेला. जनावर छावणीत आलं की पाटीवालाच फोटो ही पोरगी त्या त्या फडावर धाडायची. "बैल पोचला, बरा हाय," एवढं दाखवायला. मला कुणी इचारलं नव्हतं. इचारलं असतं तर पॅक संपतो म्हणून मी न्हाईच म्हणले असते.

लक्षात येतंय का, इंजिनियर? पाटीवर मालकाचं नाव, कानात बिल्ला, बिल्ल्यावर नंबर, फोटोवर तारीख. संस्थेच्या मोबाईलातून पुसला, मशीनमधी कुलूप लागलं, पण कोल्हापूर, सांगली, बेळगाव, जिथं म्हणून आपला कोयता गेलाय तिथं उसाच्या पाचटावर बसून कुणीतरी तो फोटो खिशात जपलाय. आपल्या बैलाचा फोटो कोण पुसतंय?

सोमवारपासून छावणीत एकच धंदा. ज्या बाईचा माणूस जिथं, तिथं फोन. "फोटो परत धाड. हो, तोच. कावून ते इचारू नको, धाड." सुग्रीवच्या फडात तर मुकादमानं तोड थांबवली आन दहा-बारा जणांना ओळीनं बसवून एकेकाचा फोन तपासला. तीन बाया गहिनीनाथकडं जायला निघालत्या, त्या परत फिरल्या.

आता तुझ्या लॅपटॉपचं.

फोटो घ्यायचे कशात, हा सवाल व्हताच. बिमार मशीनला हात लावायचा न्हाई. मंगळवारी सकाळी ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर एक पिशवी घेऊन थेट छावणीवर आला आन दारातून वरडला, "जालिंदररावांनी पाठवलंय!"

तेच शब्द. ड्रायव्हर वळखीचा, पत्रं नेणारा, तरी मी त्याला दारातच उभा केला. पाणी दिलं, पण पिशवी घेतली न्हाई. त्याला राग आला. "वैनी, मला वळखत न्हाई का?" म्हणला. मी म्हणलं, तुला वळखते, पिशवीला वळखत न्हाई.

मग मुक्तानं तिच्या मोबाईलवरून तुला फोन लावला. मी काय कान लावला न्हाई. पण स्पीकर चालू व्हता आन मी बहिरी न्हाई. "अक्काला सांग, लॅपटॉप माझाच हाय, नवा पासवर्ड फक्त तुला सांगतो, भिंतीवर लिहू नका." एवढं ऐकलं. आवाज बसलाय तुझा. सर्दीला सुंठ घे.

पिशवी ठेवून घेतली. काम झालं की परत धाडते. उपकार समजू नको.

एक राहिलंय. समद्यांची जनावरं गवसायलीत, चंद्री न्हाई. माझं कुणी फडावर न्हाई. दाजी आन मी इथंच. तिचा फोटो मी कुणाला धाडायचा? चेअरमनचीच गाय बिनपुराव्याची म्हणल्यावर गहिनीनाथचे लोक तहसीलात बोंब मारणार, हिनं समदीच जनावरं खोटी दाखवली म्हणून. तिला रातोरात कुठं न्यावं हे बी डोक्यात येऊन गेलं. कुठं नेणार?

वत्सला

---

१५ मार्च २०१९

जालिंदर,

चोरा.

चंद्रीचा फोटो तुझ्याकडून आला म्हणून मुक्ता पळत आली. मी आधी खोटं समजले. मग बगितला. चंद्री उभी, कानात बिल्ला, शेजारी मी पाटी धरून, कपाळाला आठ्या, पदर वाऱ्यानं उडालेला. संक्रांतीनंतरचाच फोटो.

पोरीला दरडावून इचारलं तवा बोलली. दर आठवड्याला तू तिला मेसेज करतोस, "अक्का कशी हाय, चंद्री कशी हाय." ती मला सांगत नव्हती, कारण तू सांगू नको म्हणलास. माझ्या मागं माझ्याच ऑफिसात हे चाललं व्हतं. आधी तिला लई झापलं. मग चहा पाजला.

तो फोटो तू पुसला न्हाईस, हे मला दिसतंय.

समदे फोटो तुझ्या लॅपटॉपात गेले. मुक्तानं दोन नकला केल्या. एक तिच्या घरी, एक दाजींच्या पेटीत. कुठलीच कशाला बांधलेली न्हाई. सोमवारी तहसीलला जायचंय. मग बगू काय व्हतंय.

वत्सला

---

२२ मार्च २०१९

जालिंदर,

छावणी वाचली. साहेबांनी स्वतः येऊन जनावरांच्या रांगेतून चालत एकेक फोटो बिल्ल्याशी जुळवून बगितला. साखराबाई सर्जाचा कान धरून उभी व्हती, कुणी पळवून नेईल की काय तशी. सही झाली. चारा चालू. दाजी त्या दिवशी दोन भाकरी जेवले.

आता दुसरी खबर. तो माणूस गवसला.

सिरसाळ्याच्या बाजारात मुक्तानं वळखला. गहिनीनाथच्या छावणीवर चाऱ्याच्या गाड्या उतरून घेतो. नाव शहादेव. गळ्यात आता फीत न्हाई. मी तिथंच गाठला, भर बाजारात. म्हणलं, "आमचं पाणी पिऊन आमच्याच जनावरांच्या जिवावर उठलास? तुला कुणी पाठवलं व्हतं?"

तो डरला न्हाई रे. हसला. म्हणला, "मावशी, तुमीच तर ह्याच बाजारात वरडत व्हत्या. कम्प्युटर अडायलंय, भाऊ पुण्यात मोठा इंजिनियर, एक माणूस पाठवून द्यायला हुईना त्याला. मी फकस्त नाव घेतलं. पासवर्ड भिंतीवर व्हता. दार तर तुमीच उघडलं."

मी हात उचलला व्हता. लोकांनी धरला. मग पोलिसात गेले, लिवून दिलं, मुक्तानं पेनड्राइव्हची समदी हकीकत सांगितली. पोतं टाकलेलं मशीन त्यायनी तपासाला नेलंय. गहिनीनाथ म्हणतो, मला काय ठावं न्हाई, माझ्या गड्यानं काय केलं ते त्यालाच इचारा. बगू. सोडणार न्हाई मी.

पण त्या शहादेवचं बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून तुझ्या त्या इचारण्याचा जवाब आज देते, एकदाच. पुन्हा इचारू नको.

पहिल्या पत्रात मी लिवलं की तुझं नाव ऐकून तोंड कडू झालं. खोटं लिवलं. त्यानं "जालिंदररावांनी पाठवलंय" म्हणलं आन मला एवढा आनंद झाला की खुर्ची पदरानं पुसून दिली. कम्प्युटर महिनाभर अडत व्हता. तुला बोलवायचं तर नाक मधी येत व्हतं. बाजारात तुझ्या नावानं बोटं मोडायची ते एवढ्यासाठीच, कुणीतरी तुला जाऊन सांगावं. आन तू स्वतःहून माणूस धाडलास, असं मला वाटलं. मी त्याला नुसतं पाणी न्हाई दिलं. दूध घालून चहा केला, घरातली शेवटची खारी काढली. मुक्ता म्हणली, "अक्का, एक फोन करून जालिंदरमामाला इचारते." मी तिच्यावर खेकसले, "माझ्या भावानं धाडलेल्या माणसाची तपासणी करतीस? त्याला कळलं तर तो पुन्हा रुसंल." पोरीनं फोन खाली ठेवला.

तू पुन्हा रुसशील म्हणून फोन केला न्हाई. समजलं आता?

एवढं लिवायला मला दोन दिवस लागले. आन ह्याचा मतलब माझा राग गेला असा न्हाई. दाजींची माफी तू अजून मागितलेली न्हाईस. दाजी म्हणतात, पोरगं खरं बोलत व्हतं, बोलायची जागा चुकली. मी म्हणते जागाच तर समदं असती. तवा ती माफी राहिली, ती तू समोर येऊन मागायची, पत्रात चालणार न्हाई.

मुक्ता म्हणती तू पाडव्याला यायलास. तिच्याकडं इचारपूस करून माझ्या दारात यायचं धाडस करतोस, तर इथला कायदा ऐकून ठेव. आता बदललाय.

भिंतीवरचा पासवर्ड मी स्वतः पुसला, वर चुना फिरवला. तुझा लॅपटॉप अजून इथंच हाय, त्याचा पासवर्ड मुक्ताला ठावं, मलाबी न्हाई. मी मागितला तर ती देत न्हाई, आगाव झालीय. अपडेट दर शुक्रवारी, लशीच्या वहीसारखं. दारात साखराबाईला बसवलीय. येईल त्याला आधी तांब्या, ते बंद व्हणार न्हाई. पण तांब्या खाली ठेवला की ती इचारणार, कोण, कुठला, कुणी पाठवलं. आन ज्याचं नाव घेतलं त्याला तिथल्या तिथं फोन लावणार, आपल्याजवळ असलेल्या नंबरावर, आलेल्या माणसानं दिलेल्यावर न्हाई. तो हो म्हणला तरच आत. तहसीलचा माणूस असो, चेअरमनचा भाऊ असो. परवा तिनं बँकेच्या साहेबाला अर्धा तास उन्हात उभा केला, मी मधी पडले न्हाई.

तुलाबी इचारंल. ती तुला वळखती, लहानपणी तुझं नाक पुसलंय तिनं, तरी इचारंल. रागावून पाठ फिरवू नको. नीट जवाब दे. कुणी पाठवलं म्हणली की माझं नाव सांग. म्हण, वत्सलाअक्कानं बोलावलंय.

ती फोन लावंल. मी हो म्हणीन.

तुझा नंबर बी काल चालू करून घेतलाय.

अक्का